उधळ्या, उडाऊ आणि शाहखर्च

परभणीहून एका मुलीने विचारलंय, "माझ्या वडिलांना आजी 'उधळ्या' म्हणते आणि मोंढ्यातले त्यांचे मित्र 'शाहखर्च' म्हणतात. शब्द दोन, पण अर्थ एकच ना?"

नाही, एकच नाही. माणूस तोच आहे, पण आजीला घरातून गेलेलं दिसतं आणि मित्रांना ताटात पडलेलं.

शाहखर्च हा फारसी जोडशब्द, शाहासारखा खर्च करणारा. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चाले. १७ सप्टेंबर १९४८ला ते राज्य संपलं, पण असे शब्द मराठवाड्याच्या बोलण्यात राहून गेले. या शब्दात ऐपत आणि दिलदारी दोन्ही धरलेली आहेत. म्हणूनच ऋण काढून सण करणाऱ्याला तो लावू नये असं मला वाटतं.

'उधळ्या'त ऐपतीचा प्रश्नच येत नाही. संस्कृतात उद्धूलन म्हणजे धूळ किंवा भस्म उडवणं, अंगावर टाकणं; आपलं 'उधळणे' त्याच घरातलं. माळेगावच्या यात्रेत खंडोबाला भंडारा उधळतात, आणि तिथल्या जनावरांच्या बाजारात एखादा घोडाही उधळतो. हातातून सुटलं की आवरत नाही, हा अर्थ दोन्हीकडे आहे. पैशाला हेच क्रियापद लागलं आणि उधळ्या, उधळमाधळ, उधळपट्टी हे शब्द आले. आजीच्या शब्दात राग कमी आणि धास्ती जास्त असणार.

'उडाऊ' त्याच्या जवळचा, पण हलका. टिकाऊ म्हणजे टिकणारं, उडाऊ मात्र उडणारा नव्हे, उडवणारा. हा शब्द बहुधा तरण्या पोरांच्या वाट्याला येतो.

बायकांना 'उधळी' म्हटलेलं मी फारसं ऐकलं नाही. "हात लय सैल हाय तिचा" म्हणतात, नाहीतर सरळ 'खर्चिक'. लग्नही खर्चिक आणि सूनही खर्चिक! सुनेला वस्तूच्या रांगेत बसवणारा हा वापर मला खटकतो.

या सगळ्यांच्या समोर उभा राहील असा एक जुना शब्द आहे, वेच. वेच म्हणजे व्यय, खर्च. तुकोबा जोडलेलं धन 'उदास विचारे' वेच करायला सांगतात, तो हाच. आपण कापसाची वेचणी करतो ते वेचणं वेगळं, बोंडाबोंडातून निवडून घेण्याचं. पण कुणी चळवळीत "आयुष्य वेचलं" म्हणतो तेव्हा खर्चाचा अर्थ अजून जिवंत असतो. 'खर्चवेच' या जोडशब्दात तर बाहेरून आलेला खर्च आणि घरचा वेच शेजारी बसलेत.

आजीच्या बोलण्यात 'खर्चवेच' येतो का, तेवढं ऐकून कळव. येत असेल तर ती तो कोणत्या वाक्यात वापरते, तेही लिहून ठेव.