पंगतीतून उठलं कोण?

ताई,

मी अतिशय कडक शिस्तीच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलो. दशमांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) कोणी दिला आणि कोणी थकवला, याची यादी दर महिन्याला उपासनेत मोठ्याने वाचली जायची. उपासकाळात कोणाच्या लग्नाला गेलं तर सगळ्यांसमोर उभं राहून क्षमा मागायची. सत्ताविसाव्या वर्षी मीही मागितली आहे. तीन वर्षांपूर्वी बायबलमधलं प्रेषित पौलाचं गलतीकरांस पत्र पहिल्यांदा नीट वाचलं आणि डोळे उघडले. तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेने आहे, नियम पाळून मिळवायचं नाही. त्या दिवसापासून त्या चर्चची पायरी चढलो नाही. उपास सोडले. गुड फ्रायडेला घरात सगळ्यांसमोर मुद्दाम पोटभर जेवतो. आई (वय ७६) अजून तिकडेच जाते. गीतांच्या पुस्तकातली अक्षरं तिला आता दिसत नाहीत. पूर्वी मी पान काढून द्यायचो, आता कोण देतं माहीत नाही. असो. पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) एकोणीस पानांचं पत्र लिहिलं आहे, ते सगळ्या मंडळीला वाटणार आहे. त्या गलतीकरांच्या पत्रात पौलाने येशूचा शिष्य पेत्र याला तोंडावर सुनावलं, तसं मीही सुनावावं ना? पत्र सोबत जोडलं आहे, तपासून द्या.

– मुक्त

प्रिय मुक्त,

एकोणीसच्या एकोणीस पानं वाचली. संदर्भ चोख आहेत, अक्षरही सुरेख आहे. पण माझं मन अडकलं ते तुमच्या आईच्या पुस्तकाशी, आणि त्या एकोणीस पानांत तिचा उल्लेखसुद्धा नाही.

पान आता कोण काढून देतं, हे तुम्हाला माहीत नाही. एका घरात राहता. दर रविवारी ती उपासनेहून परत येते, तुमच्यासमोर चपला काढते, आणि तीन वर्षांत एकदाही तुम्ही विचारलं नाही. मला मात्र ती दिसते आहे. गीताचा क्रमांक सांगितला जातो, सगळे उभे राहतात, तीही राहते. पुस्तक उघडलेलं, पण भलत्याच पानावर. डोळ्यांपासून लांब धरून बघते, मग जवळ आणते, तोवर बाकीचे दुसऱ्या कडव्यावर पोचलेले असतात. ‘तिला सगळी गीतं पाठ आहेत’ असं म्हणाल. मग इतकी वर्षं पान कशाला काढून देत होतात?

तुमच्या सिद्धांताशी माझं भांडण नाही. उपासनेत नावं वाचून पैसे काढणं हा धाकदपटशा आहे, त्याला भक्ती म्हणायचं कारण नाही. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश बिनचूक मोजणारे न्याय, दया आणि विश्वास मात्र सोडून देतात, हे येशूने परुश्यांना (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाला) ऐकवलं होतं (मत्तय, अध्याय २३). तुमच्या पाळकांनाही ते लागू आहे. हा विषय इथेच संपला. त्यांना सुनावणारे पुष्कळ भेटतील.

आता तुम्ही ज्याचा आधार घेताय तो अंत्युखिया शहरातला पौल-पेत्राचा प्रसंग पुन्हा वाचा. गलतीकरांस दुसरा अध्याय, अकराव्या वचनापासून. पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसं आली, तेव्हा सुंतेचा, म्हणजे यहूद्यांच्या धर्मखुणेचा, आग्रह धरणाऱ्यांच्या भीतीने तो हळूहळू मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचं बघून बाकीचे यहूदी सरले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा सरला. पौल भडकला तो यावर. पेत्राचा सिद्धांत चुकला होता म्हणून नव्हे. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी जाऊन, परराष्ट्रीयांवर पवित्र आत्मा उतरलेला डोळ्यांनी बघून, त्यांना बाप्तिस्मा द्यायला सांगणारा पेत्रच होता. कृपेचा धडा तो पौलाइतकाच जाणत होता. एवढं जाणूनही तो आपल्या माणसांच्या पंगतीतून उठला.

म्हणून विचारते, तुमच्या घरात पौल कोण आणि पेत्र कोण? तुम्ही स्वतःला पौलाच्या जागी ठेवून एकोणीस पानं लिहिलीत. पंगतीतून मात्र तुम्हीच उठला आहात. तुमच्या उठण्याने पाळकांचं काडीचंही बिघडलं नाही. बाकावरची एक जागा रिकामी झाली, ती नेमकी तुमच्या आईशेजारची.

गुड फ्रायडेच्या त्या जेवणाचंही सांगून टाकते, कारण वाचताना माझा संताप झाला. उपाशी बसलेल्या म्हाताऱ्या आईसमोर मुद्दाम, दरवर्षी, ठरलेल्या दिवशी पोटभर जेवायचं! हा नेमच झाला की. उपास सोडलात आणि त्याच तारखेला दुसरं व्रत धरलंत. जो खातो त्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, हे रोमकरांस पत्रात चौदाव्या अध्यायात पौलानेच लिहिलं आहे. तुमच्या पत्रात त्या अध्यायाचं एकही वचन नाही. मी शोधलं.

पौलाचं बळ कशात होतं ते बघा. तीत या आपल्या परराष्ट्रीय सहकाऱ्याची सुंता करा म्हणून दबाव आला तेव्हा तो घटकाभरही नमला नाही, कारण तिथे सुंता ही तारणाची अट होऊन बसली असती. तोच पौल पुढे तीमथ्य या तरुण सहकाऱ्याला बरोबर नेताना त्याची सुंता करतो (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६), का, तर त्या भागातल्या यहूद्यांना अडखळण नको. तीताच्या वेळी नाही म्हणणारा आणि तीमथ्याच्या वेळी स्वतः करणारा माणूस एकच, आणि दोन्ही वेळा मोकळाच. तुम्हाला फक्त तीताच्या वेळचा नकार जमतो. सुंता होण्यात काही नाही आणि न होण्यातही काही नाही, प्रीतीतून काम करणारा विश्वास हवा, हे तुमच्याच लाडक्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे. त्यातलं ‘न होण्यातही काही नाही’ तुम्ही भरभर वाचून पुढे गेलात. त्या चर्चमध्ये न जाणं हीच आता तुमची सुंता झाली आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथे आठवतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. चर्चच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं निमूट मानावं, अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी साफ नकार दिला. पुरोहितांचं एक जोखड नुकतंच उतरवलं आहे, दुसरं मानेवर घेणार नाही, असं वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनना कळवलं. वाद कडाक्याचा झाला, पत्रांवर पत्रं गेली. तरी पुढे आपल्या लेकीला, मनोरमेला, त्यांनी त्याच सिस्टरांच्या देखरेखीखाली ठेवलं. मत सोडलं नाही आणि माणूसही सोडलं नाही.

तेव्हा या रविवारी आईबरोबर जा. पुढच्या महिन्यात नको, पत्र वाटून झाल्यावर नको, याच रविवारी. शनिवारी रात्री तिला एवढंच विचारा, ‘उद्या किती वाजता निघायचं?’ तिला भरून आलं तर समजावत बसू नका, आणि स्वतःचे विचार बदललेत असंही भासवू नका, कारण बदललेले नाहीत आणि बदलायचं कारणही नाही. तिच्या शेजारी बसा, क्रमांक ऐका, पान काढा. ओळीवर बोट ठेवायचं की नाही, ते तिचं ती सांगेल. येताना प्रवचनातल्या चुका काढू नका. मला तुमचा स्वभाव दिसतोय म्हणून बजावते.

पत्र तपासून देणार नाही. वर्षभर आईशेजारी बसून झाल्यावरही ते वाटावंसं वाटलं तर पुन्हा पाठवा, बघू. दोन पानांत येईल असं मला वाटतं.

एक अडचण येऊ शकते. यादीत थकबाकीदार म्हणून तुमचं नाव वाचतील, वाचू देत. तीन वर्षं आला नाहीत म्हणून उभं राहून क्षमा मागायला सांगतील. ती मात्र मागू नका. क्षमा देवाकडून मिळाली आहे, असं एका वाक्यात, आवाज न चढवता सांगा आणि बसून राहा. सगळे वळून बघतील, आई शरमेने खाली बघेल, तुमचे कान तापतील. काही झालं तरी उठून बाहेर पडू नका.