वाचक विचारतात : चावलं, मग सोडून का दिलं?

प्रश्न : बांधावर घोणस उंदराला चावली आणि लगेच सोडून मागे सरकली. उंदीर पळाला. मग तिचं पोट भरतं कसं?

उत्तर : धरून ठेवलेला उंदीर उलटून कुरतडतो, डोळाही फोडू शकतो. म्हणून घोणस विष टोचून तोंड मोकळं करते. उंदीर थोडं अंतर जाऊन कोसळतो आणि मग जिभेचं काम सुरू होतं. दुभंगलेली जीभ गंधकण गोळा करते, टाळूतला जेकबसनचा अवयव ते पारखतो. पण बांधावर इतर उंदरांचेही माग असतातच की! घोणशीच्याच कुळातल्या, अमेरिकेतल्या रॅटलस्नेकवर झालेल्या प्रयोगांतून २०१३ मध्ये याचा उलगडा झाला : विषातल्या काही प्रथिनांमुळे भक्ष्याचा वास बदलतो, साप त्याच वासामागे जातो. गंमत म्हणजे ही प्रथिनं मारत नाहीत, फक्त खूण करतात. नाग मात्र बहुधा पकड सोडत नाही, चावत राहतो.

घोणशीचं विष माणसाच्या शरीरात रक्त गोठण्याची साखळी एवढी पेटवतं की त्यासाठी लागणारं फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन संपून जातं आणि रक्त गोठेनासं होतं. दवाखान्यात यासाठी साधी चाचणी करतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत शिरेतलं २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच वाहिलं तर प्रतिविष लागणार. इथे चूक होते ती नळीत : प्लास्टिकची किंवा डिटर्जंटने धुतलेली नळी घेतली तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही, कारण गोठण्याला काचेचा पृष्ठभागच चालना देतो. प्रतिविषाची मात्रा लहान मुलांनाही मोठ्यांइतकीच असते. सापाने काही वजन बघून विष टोचलेलं नसतं.

प्रश्न : मण्यार घरात, तीही अंथरुणात का शिरते?

उत्तर : रात्री ती भक्ष्य शोधत फिरते : दुसरे साप, उंदीर, पाली. जमिनीवर झोपलेला माणूस वाटेत येतो, कूस बदलतो आणि दंश होतो. दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं दिसलं तर अपचन समजून वेळ घालवू नका. विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. ती भरून येईपर्यंत श्वास यंत्राने चालू ठेवावा लागतो. गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी उपाय.

प्रश्न : समुद्रातले शंखही विषारी असतात?

उत्तर : शंकूच्या आकाराचे असतात. त्यांच्या सोंडेतून विषारी दात भाल्यासारखा सुटतो. हिंदी व प्रशांत महासागरांतली एक जात तर पाण्यात चक्क इन्सुलिन सोडते. माशांची रक्तशर्करा उतरते, ते सुस्तावतात आणि शंख जाळ्यासारखं पसरलेलं तोंड त्यांच्यावर घालतो. या विषावर प्रतिविष नाही. जिवंत शंकू रुंद टोकाला धरून उचललात तरी सोंड मागे वळून बोटापर्यंत पोचते, तेव्हा हात लावूच नका. चुकून दंश झालाच तर त्या अवयवाची हालचाल थांबवा आणि श्वासावर लक्ष ठेवत थेट रुग्णालय गाठा.