परभणीजवळच्या गावात राहून आकाशवाणीसाठी आणि पुढे वेबसिरीजसाठी रहस्यकथा लिहायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी?

श्रुतिकेपासून, म्हणजे रेडिओवरच्या नाटकापासून. रेडिओवर लपवायला काही करावं लागत नाही, सगळं लपलेलंच असतं. त्यामुळे काय कळू द्यायचं हे ठरवायची सवय लागते.

अर्ध्या तासाला तीन हजारांच्या आसपास शब्द पुरतात. घड्याळ लावून मोठ्यांदा वाचा. पात्रं चारच, आणि आवाज ओळखू येतील अशा वेगवेगळ्या वयांची.

ल्युसिल फ्लेचरची 'सॉरी, राँग नंबर' (१९४३) ही अमेरिकन श्रुतिका ऐका. अंथरुणाला खिळलेली बाई क्रॉस कनेक्शनमध्ये खुनाचा बेत ऐकते. तिच्या हातात फक्त फोन आणि ऐकणाऱ्याच्या हातात फक्त कान, म्हणून दोघंही सारखेच अडकतात. १९४८च्या चित्रपटाची पटकथाही फ्लेचरनंच लिहिली. तिथे अर्ध्या तासाचा दीड तास करायला मागच्या आयुष्याचे प्रसंग आले आणि माझ्या मते तो कोंडमारा सैल पडला.

आता आपल्याकडचं. रात्रपाळीची लाईट, एकटा माणूस रानात पाणी देतोय, आणि मोटार बंद पडते. प्रसंग झकास आहे, पण बहुतेक जण इथेच चुकतात. बोअरमध्ये पाण्यात बुडालेली सबमर्सिबल मोटार वर ऐकूच येत नाही, म्हणून विहिरीवर बाहेर ठेवलेली मोनोब्लॉक मोटार घ्या. तिची घरघर दोनेक मिनिटं संवादामागे चालू ठेवा, तरच ती थांबल्यावरची शांतता अंगावर येते. पाण्याचा आवाज मात्र संवादात एकदा नाव घेऊन सांगा. नुसता ऐकवला तर पाट, पाऊस आणि कढईतली तळणी यांत फरक कळत नाही.

मग मराठवाड्यातला श्रोता लगेच म्हणणार, 'लाईट गेली असंल.' खोपीतला बल्ब चालू दाखवूनही भागत नाही, कारण मोटारीच्या तीन फेजांपैकी एक गेला तरी स्टार्टर पडतो, मोटार थांबते आणि बल्ब दुसऱ्या फेजवर जळत राहतो. म्हणून आपला माणूस स्टार्टरच्या पेटीपाशी जातो आणि पुटपुटतो, 'तिन्ही दिवे चालू हायेत की.' म्हणजे तिन्ही फेज आहेत, तेव्हा बंद करायचं लाल बटण कुणीतरी दाबलेलं असणार. त्यानंतर एकच वाक्य, 'कोण हाय तिकडं? बोलंना का?' आणि उत्तर नाही.

हेच पडद्यावर लिहिताना ते पुटपुटणं काढून टाका. पेटीवरचे लाल, पिवळा, निळा दिवे आणि त्याचा थांबलेला हात, एवढं पुरे. पटकथेचं एक पान साधारण एका मिनिटाचं धरतात. दिव्यांचं कारण पुन्हा संवादात सांगितलं की अर्धं पान फुकट जातं आणि भीतीही जाते.

आकाशवाणीला पाठवताना टंकलिखित प्रत, सोबत शेवटासकट अर्ध्या पानाचा सारांश. शेवट लपवू नका, तो निर्मात्याला हवाच असतो. पटकथा मात्र कुणाला दाखवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन तिथे नोंदवून घ्या.