ओंडका, फ्लायव्हील आणि सिंगल फेज: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात फ्लायव्हीलवर चालणाऱ्या लाकूडफोड यंत्राची ओळख दिली होती. मोटर बेल्टवरून दोन जड चाकं फिरवत ठेवते. दांडा ओढला की दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, चाकांच्या शाफ्टवरच्या लहान दातेरी चाकावर, म्हणजे पिनियनवर, दाबली जाते. रॅकला जोडलेला पुशर, म्हणजे ढकलणारा ठोकळा, सुसाट पुढे जाऊन ओंडका पाचरीवर आपटतो आणि स्प्रिंगा त्याला मागे ओढून आणतात. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: खव्याच्या भट्टीला रोज दीड-दोन क्विंटल जळण लागतं, बाभूळ आणि सुबाभूळ. कुऱ्हाड चालवायला माणूस मिळत नाही. भट्टीवर सिंगल फेज आहे. थ्री फेज फक्त शेतात, आणि तीही पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. हायड्रॉलिक यंत्र घ्यावं की फ्लायव्हीलचं? विक्रेता फ्लायव्हीलचं यंत्र '२० टनाचं' आहे म्हणतो. (ता. भूम, जि. धाराशिव)

लाकडाचा विचार करण्याआधीच तुमच्या विजेने निम्मा निर्णय करून टाकला आहे. हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचा, हिशेब असा. ४ इंची सिलिंडर १७५ किलो प्रति चौ. सेंमी दाबावर साधारण १४ टन जोर देतो. स्ट्रोक, म्हणजे पिस्टन सरकण्याचं अंतर, ४५ सेंमी धरला तर एका फेरीला पुढे जाताना सुमारे ३.६ लिटर तेल आत जावं लागतं. मिनिटाला १६ लिटरचा पंप असेल तर पुढे जायला १४ आणि मागे यायला आणखी १० सेकंद. एवढं तेल एवढ्या दाबावर ढकलायला साध्या पंपाला ७.५ एचपीची मोटर हवी, म्हणजे थ्री फेज आलीच. दोन टप्प्यांचा (आधी वेग आणि अडल्यावर जोर देणारा) पंप घेतला तर मोटर लहान चालते, पण किंमत वाढते आणि चिवट ओंडक्यावर वेग पुन्हा मंदावतो. मे महिन्याच्या उन्हात आपल्याकडे तेल पातळ होतं आणि पंप आतून गळू लागतो, हेही धरून चाला.

फ्लायव्हीलची रीत वेगळी आहे. दोन ओंडक्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात लहान मोटर चाकांत शक्ती साठवते आणि ती सगळी एका दणक्यात बाहेर पडते. प्रत्येकी ३० किलोची, ५०० मिमी व्यासाची दोन भरीव चाकं मिनिटाला २८८ फेरे घेत असतील तर त्यांत सुमारे ८५० ज्यूल ऊर्जा असते. २ एचपीची मोटर ती एक-दोन सेकंदांत पुन्हा भरून काढते. पुशर पुढे जाऊन मागे यायला दोन-तीन सेकंद पुरतात, त्यामुळे यंत्राची वाट पाहावी लागत नाही. ओंडका उचलून ठेवणाऱ्या माणसाचा वेग हाच कामाचा वेग.

आता 'टना'चं. फ्लायव्हीलच्या यंत्राला ठरावीक टन नसतोच. तेच ८५० ज्यूल लाकडाने १ सेंमीत अडवले तर जोर साडेआठ टनांच्या वर जातो. पाचर ५ सेंमी आत शिरून थांबली तर तो पावणेदोन टनांवर येतो. म्हणून विक्रेत्याला टन विचारू नका. चाकांचं वजन, व्यास आणि फेरे विचारा. फेऱ्यांवर विशेष लक्ष ठेवा, कारण ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाने बदलते. फेरे २० टक्के घटले की ताकद ३६ टक्के गेली.

सुबाभूळ आणि ओली, सरळ बाभूळ यांसाठी २ एचपीचं फ्लायव्हील यंत्र घ्या, दोन क्विंटल त्याला जड नाही. जळणात बुंधे, फाट्यांचे जोड आणि गाठी जास्त असतील तर मात्र फ्लायव्हील निराश करेल. तिथे १४ टनांचा सावकाश पण सतत दाबच कामाचा.

प्रश्न: स्थानिक वर्कशॉपमधून बनवून घेतलेलं यंत्र आहे. रॅकचे पुढचे तीन-चार दात पुन्हा पुन्हा तुटतात. दोनदा वेल्डिंगने भरले, तरी तेच. रॅकला ग्रीस भरपूर लावतो. (वसमत, जि. हिंगोली)

तुटतात ते नेहमी पुढचेच दात, याला कारण आहे. पिनियन फिरतच असते आणि रॅक थांबलेला असतो. दांडा ओढल्यावर पहिला धक्का याच दातांवर बसतो. तो धक्का दाताच्या पूर्ण उंचीवर बसला तर दात सोसतो, नुसत्या टोकावर बसला तर टवका उडतो. म्हणजे तुमचा रॅक खालपर्यंत बसत नाही.

तपासणी अशी करा. मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि चाकं पूर्ण थांबू द्या. दांडा हाताने पूर्ण ओढून धरायला दुसऱ्या माणसाला सांगा. पिनियनचा दात रॅकच्या खाचेत किती उतरला ते बॅटरी मारून बाजूने बघा. तळाशी जेमतेम १ ते दीड मिमी जागा उरायला हवी. त्याहून जास्त फट असेल तर रॅकला वरून दाबणारा रोलर, म्हणजे बहुतेक यंत्रांत एक बेअरिंग, झिजला आहे किंवा त्याचा बोल्ट सैल झाला आहे. बेअरिंग बदला आणि उरलेली फट पत्र्याच्या पट्ट्या घालून काढा. अगदी तळाला टेकवूही नका, नाहीतर पिनियनचा शाफ्ट वाकतो.

दुसरा दोष ग्रीसचा. उघड्या रॅकवर घट्ट ग्रीस लावलं की भुसा आणि सालीचा चुरा त्यात मळला जातो. दातांच्या मुळाशी त्याचा दगडासारखा थर बसतो आणि रॅक खाली उतरायला जागाच राहत नाही. वायर ब्रशने आणि डिझेलने सगळं खरवडून काढा. नंतर चिंधीवर थोडं पातळ ऑइल घेऊन पुसा, बस्स. ग्रीसची जागा बेअरिंगमध्ये.

तिसरी गोष्ट सवयीची. दांडा हळूहळू, चाचपडत ओढला तर दात खरडत राहतात. एका झटक्यात पूर्ण ओढायचा. ओंडका अडला की मात्र तत्क्षणी सोडायचा.

वेल्डिंगने भरलेला दात टिकत नाही. उष्णतेने शेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि दाताचा आकारही नेमका येत नाही. नवा रॅक आणि पिनियन जोडीनेच बनवा. नव्या रॅकवर जुनी झिजलेली पिनियन चालवली तर नवा रॅकही लवकर जातो. लेथवाल्याला 'साधं एमएस (मऊ पोलाद) नको, ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) घेऊन दात इंडक्शनने हार्ड कर' असं स्पष्ट सांगा. माप द्यायला पिनियनचे दात मोजा, बाहेरचा व्यास घ्या आणि त्याला दातांची संख्या अधिक दोन याने भागा. १६ दात आणि ९० मिमी व्यास असेल तर ९० भागिले १८, म्हणजे ५ मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप). रॅकही त्याच मॉड्यूलचा आणि त्याच २० अंशांच्या दाताचा हवा.

प्रश्न: सकाळी यंत्र झटकन सुरू होतं, संध्याकाळी मोटर नुसती घुमते आणि एमसीबी पडतो. कॅपॅसिटर दोन वेळा बदलला. मोटर २ एचपी सिंगल फेज, घरापासून ६० मीटरवर, वायर २.५ स्क्वेअरची (चौ. मिमी). (सेलू, जि. परभणी)

कॅपॅसिटर बिचारा बळी जातोय, दोष व्होल्टेजचा आहे. ही मोटर चालताना साधारण १० अँपिअर घेते आणि सुरू होताना ५० च्या आसपास. ६० मीटर जाणं-येणं धरून २.५ स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरमध्ये तेवढ्या करंटला सुमारे ४४ व्होल्ट गळतात. संध्याकाळी गावात आधीच २०० व्होल्ट असतील तर मोटरच्या हाती दीडशेच्या घरात पडतात. मोटरचा पीळ (टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे तो निम्म्याखाली आला. जड चाकं हव्या त्या वेगाला पोचत नाहीत, त्यामुळे वेग आल्यावर स्टार्टिंग कॅपॅसिटर तोडणारा आतला सेंट्रिफ्युगल स्विच सुटत नाही आणि दोन-चार सेकंदांपुरता बनवलेला स्टार्टिंग कॅपॅसिटर भाजत राहतो.

६ स्क्वेअरची वायर टाकली की तीच गळती १८ व्होल्टवर येते. त्याबरोबर बेल्टला ताण देणारी सरकती पुली बसवून घ्या. मोटर आधी मोकळी फिरू द्यायची आणि मग बेल्ट हळूहळू ताणून चाकं वेगात आणायची. वायर ॲल्युमिनियमची असेल तर आणखी एक साइझ वरची घ्या. एवढं करूनही मोटरपाशी चालू स्थितीत १९० व्होल्ट मिळत नसतील तर लाकूड फोडणं सकाळीच उरका.

प्रश्न: कोणतं लाकूड कधी फोडावं? वाळल्यावर सोपं जातं की ओलं असताना? (अर्धापूर, जि. नांदेड)

बाभूळ तोडल्यापासून महिन्या-दीड महिन्यात फोडा. वाळली की ती लोखंड होते आणि पुशर ठोकर खाऊन थांबतो. निलगिरीही ओलीच फोडावी. तिची शीर (लाकडाच्या धाग्यांची ठेवण) पिळलेली असते, वाळल्यावर ढलपी सुटण्याऐवजी धागे धरून लोंबत राहते. सुबाभूळ कशीही फुटते. आंबा मऊ आहे, अडवत नाही. कडुनिंबाची शीर गुंतलेली असते, म्हणून त्याचे तुकडे एक फुटाचेच ठेवा. चिंचेचा बुंधा फ्लायव्हीलवर घालूच नका, करवतीने आडवा चिरून पातळ चकत्या करा. वेडी बाभूळ इतकी वाकडी असते की मनगटाएवढी फांदी फोडत बसण्यापेक्षा तशीच तोडून जाळावी.

कोणत्याही जातीचं लाकूड असलं तरी दोन्ही तोंडं काटकोनात कापलेली हवीत. तिरक्या तोंडाचा ओंडका पुशर लागताच उसळी घेतो. गाठ असलेलं टोक पाचरीकडे ठेवू नका, पुशरकडे ठेवा. फाट सरळ भागात सुरू झाली की गाठीपर्यंत पोचेतो निम्मं काम झालेलं असतं. मोठा ओंडका मधोमध न फोडता कडेने ढलप्या काढत आत जा.

आपल्याकडची सोय म्हणजे जानेवारी ते मार्च फोडलेलं लाकूड एप्रिल-मेच्या झळांत खडखडीत वाळतं. जमिनीपासून वीतभर उंच, हवा खेळेल असं रचा आणि मृगाआधी वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ती तोडायची तर परवानगी आधी.

प्रश्न: जुन्या कडबा कुट्टी यंत्राचं बिडाचं चाक पडून आहे. ते मोटरच्या शाफ्टलाच बसवून घरी यंत्र करता येईल का? (अंबड, जि. जालना)

मोटरच्या शाफ्टला? अजिबात नाही. ५०० मिमीचं चाक १४४० फेऱ्यांनी फिरलं तर त्याची कडा सेकंदाला ३७ मीटरपेक्षा जास्त वेगाने धावते. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) चाकाला ३० मीटरच्या आसपासच थांबावं लागतं. तेही चाक निर्दोष असेल तर. जुनं चाक फुटलं तर तुकडे भिंत भेदतात. मोटरला १०० मिमीची पुली लावून बेल्ट ५०० मिमीच्या चाकावरून घेतला की फेरे २८८ आणि कडेचा वेग साडेसात मीटर. तो ठीक आहे.

तरीही कुट्टीचं चाक मला पसंत नाही. ते पात्यांसकट तोलात असतं, पाती काढली की तोल जातो आणि भोकांपाशी बीड कमजोर असतं. वापरायचंच तर टांगून हातोडीने हलकं ठोका. घंटेसारखा नाद आला तर ठीक, बद्द वाजलं तर आत तडा आहे, ते भंगारात द्या. बिडाला वेल्डिंग करून तडा भरणं या कामासाठी चालत नाही. शाफ्ट ४० मिमीचा घ्या, त्याला यूसीपी २०८ (ठोकळ्यासकट येणारं) बेअरिंग बसतं. चाक चावी (शाफ्ट आणि चाकाच्या खाचेत बसणारी पोलादी पट्टी) घालूनच बसवा, नुसत्या ग्रब स्क्रूवर (शाफ्टवर टेकणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूवर) नको. चालू यंत्रातून दर दणक्याला 'टक' असा दुहेरी आवाज यायला लागला तर चावीचा खाचा रुंदावला आहे असं समजून त्याच दिवशी उघडा.

प्रश्न: पुशर पुढे जातो, पण मागे येताना रेंगाळतो. (अंबाजोगाई, जि. बीड)

बहुधा बाभळीचा डिंक. रूळ डिझेलने पुसा. फरक पडला नाही तर स्प्रिंगा बदला, एक नव्हे तर जोडीने. दोन्हींचा ताण वेगळा असला की पुशर तिरका चालून रूळ एका बाजूने खातो.

प्रश्न: घरी दोघं मिळून काम करतो. मी ओंडके ठेवते आणि दीर दांडा ओढतात. शंकूच्या स्क्रूचं यंत्र स्वस्त मिळतंय, ते यापेक्षा सोपं आणि सुरक्षित आहे का? (पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर)

ताई, स्क्रूचं यंत्र घेऊ नका. उघडा फिरणारा शंकू पदर, ओढणी, उपरणं काहीही गुंडाळतो आणि स्विचपर्यंत हात पोचायच्या आत माणूस ओढला जातो. लांब ओंडका धरून ठेवला नाही तर तो स्वतःच गरागरा फिरतो.

तुमची आत्ताची पद्धतही बदला. ओंडका ठेवणारा एक आणि दांडा ओढणारा दुसरा, या वाटणीतच बोटं जातात. पुशर अर्ध्या सेकंदाच्या आत पुढे पोचतो, 'थांबा' म्हणायलाही वेळ मिळत नाही. ज्याने ओंडका ठेवला त्यानेच दोन्ही हात बाहेर काढून दांडा ओढायचा. दुसऱ्याने चार पावलं लांब राहून फोडलेलं उचलायचं. थकलात की जागा बदला. पदर खोचून घ्या, पायात बूट आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

ओंडका पाचरीवर अडकला तर बटण बंद करा, पण लगेच हात घालू नका. वीज गेली तरी चाकांतली शक्ती तशीच असते आणि ती थांबायला मिनिटभर किंवा जास्तही लागतं. चाकाच्या आऱ्यांवर एक पांढरा रंगाचा पट्टा मारून ठेवा. पट्टा स्थिर दिसला की दांडा सुटलेला आहे ना ते पाहा आणि पहारीने ओंडका मागच्या बाजूने ठोकून काढा.