वाचकांचे प्रश्न : चित्रे साधी की साधलेली?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलीने शाळेच्या ग्रंथालयातून कार्मेन लोमास गार्सा यांचे ‘फॅमिली पिक्चर्स’ हे इंग्रजी-स्पॅनिश चित्रपुस्तक आणले. त्यातली चित्रे सपाट आणि माणसांनी गच्च भरलेली आहेत. चित्रकर्तीला रीतसर शिक्षण नसावे का?

उत्तर : शिक्षण आहे, आणि तेही पदव्युत्तर. १९४८ मध्ये टेक्सासमधील किंग्सव्हिल येथे जन्मलेल्या गार्सा यांनी हा साधेपणा जाणूनबुजून पत्करला. त्यांच्या लहानपणी टेक्सासमधील शाळांत स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. पुढे चिकानो चळवळीच्या, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या हक्कांसाठीच्या चळवळीच्या, प्रभावाखाली त्यांनी, आपल्या समाजातील कोणालाही आपले घर ओळखता यावे, अशी चित्रे काढायचे ठरवले. ‘फॅमिली पिक्चर्स’ (१९९०) या पुस्तकातील तमाले (मक्याच्या पिठात सारण भरून, पानात गुंडाळून वाफवलेला मेक्सिकन पदार्थ) करण्याचे चित्र पुन्हा नीट पाहावे : कोणी मक्याची वाळलेली पाने भिजवत आहे, कोणी त्यांवर पीठ थापत आहे, कोणी सारण भरत आहे, आणि आजी गुंडाळलेले तमाले ओळीने लावत आहे. खोल सावल्या नसल्यामुळे मागच्या माणसाचे कामही पुढच्याइतकेच स्वच्छ दिसते. मला तरी ही गर्दी फार विचारपूर्वक रचलेली वाटते.

कागद कापून नक्षी करण्याची मेक्सिकन कलाही त्यांना अवगत आहे. त्या कलेवरील ‘मॅजिक विंडोज’ या त्यांच्या द्विभाषिक पुस्तकाला २००० मध्ये चित्रांसाठीचे पुरा बेलप्रे पदक (लॅटिनो लेखक-चित्रकारांच्या बालपुस्तकांना दिला जाणारा अमेरिकी पुरस्कार) मिळाले. मुलीसाठी पुढचे पुस्तक म्हणून तेच मागवावे.