चलन मोकळे, तरी पतधोरण परतंत्र का?

प्रश्न : उदयोन्मुख देशाने विनिमय दर बाजारावर सोडला की त्याची मध्यवर्ती बँक व्याजदर स्वतंत्रपणे ठरवू शकते, असे वाचले होते. मग फेडरल रिझर्व्हने (‘फेड’, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक) धोरणबदलाचे नुसते सूतोवाच केले तरी या देशांची तारांबळ का उडते?

उत्तर : आपण वाचलेल्या विधानाचे मूळ मुंडेल आणि फ्लेमिंग या अर्थशास्त्रज्ञांच्या विवेचनात आहे. स्थिर विनिमय दर, भांडवलाची मुक्त ये-जा आणि स्वायत्त पतधोरण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. पहिलीवर पाणी सोडले की उरलेल्या दोन पदरात पडतात, असे मानले जाई. अर्थशास्त्रज्ञ हेलेन रे यांनी 2013 मध्ये नेमक्या याच समजुतीला आव्हान दिले. जगभरातील पतपुरवठा आणि मालमत्तांच्या किमती बऱ्याच अंशी एकाच चक्राबरोबर वरखाली होतात, त्या चक्रावर अमेरिकी पतधोरणाचा प्रभाव असतो आणि तरता, म्हणजे बाजारावर सोडलेला, विनिमय दर त्यापासून पुरेसे संरक्षण देत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी मे महिन्यात फेडचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी फेडची रोखेखरेदी आवरती घेण्याची शक्यता बोलून दाखवली आणि पुढील काही महिन्यांत भारत, इंडोनेशिया, ब्राझील, तुर्कस्तान व दक्षिण आफ्रिका यांची चलने घसरली.

खरी मेख, माझ्या मते, ताळेबंदात आहे. चलन उतरले की निर्यातीला उठाव येतो, हा झाला पुस्तकी हिशेब. पण कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्जे उचललेली असतील तर तीच घसरण कर्जाचा बोजा फुगवते आणि मंदीतही व्याजदर चढे ठेवावे लागतात. दक्षिण कोरियात जहाजबांधणी कंपन्या पुढे मिळणारे डॉलर बँकांना वायद्याने, म्हणजे पुढील तारखेच्या कराराने, आधीच विकत आणि डॉलरचा भाव बदलण्याची आपल्यावर आलेली जोखीम झाकण्यासाठी बँका अल्पमुदतीची डॉलर-कर्जे घेत. 2008 मध्ये या कर्जांचे नूतनीकरण अडले आणि तेथील चलन वॉन कोसळले. म्हणून 2010 मध्ये बँकांच्या अशा वायद्यांवर भांडवलाच्या प्रमाणात मर्यादा आली : देशी बँकांना 50 टक्के, परदेशी बँकांच्या शाखांना 250 टक्के. बंधन पडले बँकांवर, मोकळीक मिळाली ती पतधोरणाला.

भांडवलावर थेट निर्बंध घालणे मात्र जपूनच करावे. थायलंडने डिसेंबर 2006 मध्ये येणाऱ्या परकीय भांडवलाचा 30 टक्के हिस्सा बिनव्याजी राखून ठेवण्याचा नियम केला, तेव्हा शेअर निर्देशांक एका दिवसात सुमारे 15 टक्क्यांनी गडगडला आणि शेअर-गुंतवणूक तातडीने वगळावी लागली.

अर्थात स्वायत्तता अगदीच उरत नाही, असेही नव्हे. ब्राझीलने मार्च 2021 मध्ये, म्हणजे फेडच्या वर्षभर आधी, महागाई पाहून दरवाढ सुरू केली. त्या सरकारचे बहुतांश कर्ज रिआल या स्वतःच्या चलनातच होते, म्हणजे चलन घसरले तरी त्याचा बोजा फुगत नव्हता, हे येथे लक्षात घ्यावे.