सेंट ऑलिव्ह, टूली स्ट्रीट आणि मेकॉले

प्रश्न असा: लंडनच्या हार्ट स्ट्रीटवर एक जुनं चर्च आहे. सगळे त्याला ‘सेंट ऑलिव्ह’ म्हणतात, पण स्पेलिंग फळाच्या ऑलिव्हचं नाही, शेवटी ‘ए-व्ही-ई’ आहे. हा संत म्हणजे नॉर्वेचा ओलाफ, असं कुणीतरी सांगितलं. मग ‘फ’ कुठे गेला? आणि इंग्रज आपल्या मुलांचं नाव ओलाफ का ठेवत नाहीत?

सांगणाऱ्याने बरोबर सांगितलं. तो नॉर्वेचा राजा ओलाफ हाराल्डसन. १०३० मध्ये स्टिकलस्टाडच्या लढाईत तो पडला आणि वर्षभरात संत ठरला. ऑलिव्हच्या झाडाशी त्याचा काही संबंध नाही. ‘फ’ मात्र हरवलेला नाही, कारण उच्चारात तो नव्हताच! जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, अशा जागी लिहायचा एफ आणि म्हणायचा ‘व्ह’. आजचे नॉर्वेजियन सरळ ‘ओलाव्ह’ असंच लिहितात. इंग्रजीने चर्चच्या नावात उच्चार धरला आणि इतिहासाच्या पुस्तकांत लेखन, म्हणून एका माणसाची दोन नावं झाली. (रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याच हार्ट स्ट्रीटच्या चर्चमध्ये पुरलेला आहे.)

लंडनला हा परका राजा जवळचा का वाटला असेल? सागांमधली, म्हणजे जुन्या नॉर्स गद्यकथांमधली, गोष्ट अशी की इंग्रज राजा एथेलरेडच्या बाजूने लढताना ओलाफने लंडन ब्रिजच्या खांबांना दोर बांधले आणि बोटी वल्हवून पूलच खाली ओढला. खरं-खोटं सागाकार जाणोत, पण त्याच पुलाच्या दक्षिण टोकाला त्याच्या नावाचं आणखी एक चर्च होतं. ते विसाव्या शतकात पाडलं, तिथे आता ‘सेंट ओलाफ हाउस’ आहे. समोरचा रस्ता टूली स्ट्रीट. हा ‘टूली’ म्हणजेही आपला ओलाफच! ‘सेंट’मधला शेवटचा ट पुढच्या स्वराला चिकटला आणि झिजत झिजत टूली झाला. ‘सेंट ऑड्री’च्या जत्रेतल्या लेसवरून ‘टॉड्री’, म्हणजे भडक आणि हलकं, हा शब्द आला, तोही असाच.

मला जास्त मजा वाटते ती एका हरवलेल्या न ची. ओलाफ हे नाव ‘पूर्वज’ आणि ‘मागे राहिलेला, वारस’ अशा दोन शब्दांचं, आणि पहिल्या शब्दात न होता. नॉर्समध्ये तो आधी स्वरात विरला, मग नुसता नाकातला सूर उरला, शेवटी तोही गेला. आपल्या ‘नांव’चं असंच झालं. बहुतेकांच्या बोलण्यातून नाकातला सूर गेला होता, लेखनातला अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेला. कोकणीत तो अजून ऐकू येतो. अँग्लो-सॅक्सन बखरीत, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या बखरीत, मात्र ९३७ च्या ब्रुनानबुर्हच्या लढाईतला डब्लिनचा राजा ओलाफ ‘अनलाफ’ म्हणून येतो, न सकट. आयरिश लोकांनी या नावाचं ‘अमलैव’सारखं काहीतरी केलं.

मुलांच्या नावांबद्दल थोडक्यात. १०६६ मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड या नॉर्मन नावांची चलती झाली. एकोणिसाव्या शतकात एरिक आणि हॅरल्ड पुन्हा वर आले, ओलाफ काही आला नाही. इंग्रज मुलाला आज तो भेटतो तो सिनेमातला बोलका हिममानव म्हणून.

आडनावात मात्र तो टिकला. त्याच आयरिश, म्हणजे गेलिक, रूपाला ‘मॅक’ म्हणजे ‘मुलगा’ लागून मॅकॉलिफ झालं. शीख धर्मग्रंथांचं इंग्रजी भाषांतर करणारे मॅक्स आर्थर मॅकॉलिफ यांचं आडनाव तेच. आणि स्कॉटलंडच्या लुइस बेटावर झालं मेकॉले. (सगळे मेकॉले ओलाफचे नव्हेत. आर्डिनकेपलच्या घराण्याचं आडनाव वेगळ्या आयरिश नावावरून आलेलं मानतात.) १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे आपल्याकडे ज्यांच्या नावाने अजून बोटं मोडतात, ते थॉमस बॅबिंग्टन मेकॉले लुइसच्याच घराण्यातले. त्यांच्या पणजोबांचं नाव होतं ऑले मेकॉले, म्हणजे शब्दशः ओलाफचा मुलगा ओलाफ.